तात्पर्याच्या पलीकडचा कोल्हा : विनोदी प्राणिचित्रकथेविषयी

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत प्राणी हा बहुधा साधन म्हणून येतो. कोल्हा म्हणजे धूर्तपणा, गाढव म्हणजे मूर्खपणा, मुंगी म्हणजे उद्योगप्रियता. 'पंचतंत्र', 'हितोपदेश' आणि इसापनीती यांच्या दीर्घ संस्कारातून सिद्ध झालेली ही संकेतव्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की, प्राण्यांची कोणतीही कथा समोर येताच 'तात्पर्य काय?' हा प्रश्न आपसूक विचारला जातो. जिच्यातून तात्पर्य निघत नाही ती केवळ करमणूक, आणि करमणुकीची समीक्षा ती काय करायची! विनोदी प्राणिचित्रकथेची उपेक्षा झाली आहे ती प्रामुख्याने या एका प्रश्नामुळे. वस्तुतः लहान मुले आणि त्यांचे पालक एकाच पानावर एकाच वेळी हसतात, असे वाङ्मयप्रकार फारसे नाहीत.

अनंत पै यांच्या संपादनाखाली १९८० मध्ये सुरू झालेल्या 'टिंकल' या नियतकालिकातील कालिया कावळ्याची मालिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लुईस फर्नांडिस यांचे लेखन आणि प्रदीप साठे यांची चित्रे लाभलेल्या या मालिकेत चमटका नावाचा कोल्हा आणि डूबडूब नावाची मगर कीचू-मीचू या सशांना खाण्याचे बेत रचतात आणि कालिया ते उधळून लावतो. चमटका हे नाव कानावर पडताच 'पंचतंत्रा'तील करटक-दमनक आठवावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु साम्य येथेच संपते. 'मित्रभेदा'तील दमनकाचे कारस्थान यशस्वी होते आणि संजीवक बैल प्राणास मुकतो. नीतिकथेला हा मृत्यू परवडतो, कारण बोध दिला की प्राण्याचे काम संपते. चित्रमालिकेला तो परवडत नाही. ससे पुढच्या अंकात हवे आहेत आणि कोल्हाही हवा आहे, तोही पुन्हा तितकाच भुकेला!

या पुनरागमनातच अशा चित्रकथांच्या आवाहकतेचे मर्म आहे. मुलाला त्यातून आश्वासन मिळते की, संकट कितीही जवळ आले तरी ससे वाचणार. प्रौढ वाचकाचे लक्ष मात्र हळूहळू दुसरीकडे वळते. आपल्या बुद्धीवर अढळ विश्वास असलेला, दरवेळी उपाशी राहणारा आणि तरीही नवा बेत घेऊन येणारा हा कोल्हा त्याला ओळखीचा वाटू लागतो. खलनायकाविषयी वाटणारी ही माया कोणत्याही एका कथेत आढळत नाही. ती कथांच्या मालिकेतच निर्माण होते. नीतिकथेत कोल्हा हा गुणाचे चिन्ह असतो. येथे वारंवार भेटून तो व्यक्ती बनतो.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न अधिक नेमका मांडता येईल. विकृत आकार, वेष, वाणी आणि चेष्टा हे हास्याचे विभाव मानले गेले आहेत, आणि मनुष्यासारखा वागणारा प्राणी हे सारे आपल्या देहातच घेऊन येतो. विश्वनाथाने करुणाला हास्याचा विरोधी रस म्हटले आहे; त्यानेच वत्सल रसालाही मान्यता दिली आहे. उत्तम प्राणिचित्रकथेत हास्याबरोबर करुणाची छटा टिकून राहते, ती बहुधा वात्सल्याच्या मध्यस्थीमुळे. माणसाच्या फजितीला हसताना त्यात थोडी क्रूरता येतेच. प्राण्याच्या फजितीला हसणारा वाचक त्याच क्षणी त्याला कुरवाळतही असतो.

अमेरिकेतील चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या मालिकेत (१९५०–२०००) ही प्रक्रिया फार सूक्ष्मपणे घडते. तिच्यातील स्नूपी हा कुत्रा बोलत नाही. त्याचे विचार तेवढे फुग्यात उमटतात. त्यामुळे भोवतालच्या मुलांना जे कळत नाही ते वाचकाला कळते आणि वाचक स्नूपीचा एकमेव विश्वासू होतो. आपल्या घराच्या छपरावर टंकलेखन यंत्र ठेवून तो कादंबरी लिहितो आणि प्रकाशकांकडून नकाराची पत्रे झेलतो. छपरावर बसून टंकलेखन करणारा कुत्रा पाहून मूल हसते. साभार परत आलेल्या हस्तलिखिताचा अनुभव असलेला वाचक वेगळ्या कारणासाठी हसतो. (संशोधनपत्रिकांच्या वाचकांना हे कारण अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी.) चित्र एकच आहे. मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी दुसरा, असे दोन स्तर लेखकाने हेतुपुरस्सर रचले आहेत, असे येथे जाणवत नाही.

अर्थात केवळ पुनरावृत्तीने हे साधत नाही. १९७८ मध्ये सुरू झालेल्या जिम डेव्हिस यांच्या 'गारफील्ड'मधील बोक्याचा आळस आणि खादाडपणा पुष्कळदा यांत्रिक वाटतो, कारण त्याला गमावण्यासारखे काही नाही. चमटकाची भूक खरी असते. गारफील्डची ही केवळ सवय आहे.

या प्रकारावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. माणसाच्या भावना प्राण्यावर लादल्याने खरा प्राणी नाहीसा होतो. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांचे जीवन ज्या संयमाने रेखाटले, त्या कसोटीवर कालिया किंवा स्नूपी टिकणार नाहीत. आक्षेप रास्त आहे, पण कसोटी गैरलागू आहे. चित्रकथेतील प्राणी निसर्गाच्या निरीक्षणातून आलेला नसतो. घरातील मांजराशी बोलणाऱ्या, त्याच्या मौनातून उत्तरे ऐकणाऱ्या माणसाच्या सवयीतून तो आलेला असतो. या सवयीला वयाची अट नाही.

बालसाहित्यावरील प्रबंधांतून अशा मालिकांचा विचार व्हावयाचा असेल, तर एखादी सुटी कथा घेऊन तिचे संस्कारमूल्य मोजण्याची पद्धत सोडावी लागेल. अंकामागून अंक वाचावे लागतील, पात्राची शरीरयष्टी, डोळे आणि हालचाली वर्षानुवर्षे कशा बदलत गेल्या हे पाहावे लागेल. येथे अडचण अगदी व्यावहारिक आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांत मुलांच्या नियतकालिकांच्या बांधीव संचांना क्वचितच स्थान मिळते. घरोघरचे अंक मुले मोठी झाली की रद्दीत जातात. ज्या कलाप्रकाराचा अर्थ सातत्यातून घडतो, त्याचे सातत्यच अभ्यासकाच्या हाती लागत नाही.