राउटरच्या खोक्यावर शेवटची तारीख छापा
सर्ट-इनच्या महासंचालकांना करमाडहून खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक अर्थात सर्ट-इन,
इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : व्हीपीएन राउटर बंद पाडणाऱ्या त्रुटी आणि लहान उद्योगांचं नुकसान

महोदय,


छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं की शेंद्रा एमआयडीसी मागे पडते आणि करमाड येतं. याच पट्ट्यात ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान इथे आले, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष या भागाकडे गेलं. मोठ्या कंपन्यांना इथे काय काय मिळतं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते त्यांच्या आसऱ्याने जगणाऱ्या लहानांविषयी. दहा-बारा कामगारांवर जॉबवर्क करणारं शॉप, वाहतूकदाराचं दोन टेबलांचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, रक्त-लघवी तपासणारी लॅब. अशा ठिकाणची नेटवर्कची कामं मी करतो. या सगळ्यांची मदार आज एका लहानशा पेटीवर आहे : व्हीपीएनची, म्हणजे दूरच्या ऑफिसशी सुरक्षित जोडणीची, सोय असलेला राउटर.

ही पेटी कुठे असते ते सांगतो. हिशेबनिसाच्या टेबलाखाली, यूपीएसला टेकून, लोखंडाच्या बारीक धुळीत. तिच्यावर व्हीपीएनचा एक दिवा असतो. तो हिरवा आहे तोवर मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवरची टॅली इथे उघडते, मोठ्या कंपनीचं शेड्यूल दिसतं, बिल निघतं, ई-वे बिल होतं आणि माल भरलेली गाडी गेटबाहेर पडते. दिवा विझला की ऑफिसात एकच वाक्य ऐकू येतं, ‘नेट गेलं.’ कुणीतरी खाली वाकून प्लग काढतो आणि पुन्हा लावतो. दोन-तीन मिनिटांत दिवा हिरवा होतो. थोड्या वेळाने पुन्हा विझतो. मग लाइनवाल्याला फोन जातो, महावितरणला बोल लावले जातात, नवा अ‍ॅडॅप्टर आणला जातो. बाहेरून कुणी हे मुद्दाम करत असेल का, हा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही. तो पडावा, आणि पडल्यावर त्याचं उत्तर मिळावं, म्हणून हे पत्र.

असा हल्ला कसा होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो. साधा राउटर बाहेरून आलेल्या अनोळखी संदेशाला उत्तर न देता तो टाकून देऊ शकतो. व्हीपीएन राउटरला ती मुभा नसते. मालक पुण्याहून जोडला जाणार असतो, सीए घरून जोडला जाणार असतो. त्यामुळे समोरचा कोण आहे हे कळण्याआधीच त्याचा संदेश उघडून वाचावा लागतो. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला येणाऱ्या प्रत्येकाचा कागद हातात घेऊन पाहावा लागतो, तसंच हे आहे. दगाफटका करायचा तो नेमका इथेच होतो. कधी संदेशाची रचनाच अशी वाकडी केलेली असते की तो वाचताना राउटरच्या सॉफ्टवेअरची स्मृती बिघडते आणि ते कोसळतं. कधी अर्धवट जोडण्यांचा किंवा खोट्या लॉगिनचा इतका मारा होतो की खऱ्या माणसासाठी जागाच उरत नाही. कोसळलेला राउटर स्वतःहून पुन्हा सुरू होतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. हल्लेखोराने तोच एक संदेश दर तीन मिनिटांनी पाठवला तरी ऑफिस दिवसभर बंद राहतं. त्यासाठी ना पासवर्ड फोडावा लागतो, ना मोठी यंत्रणा लागते.

या कल्पनेतल्या गोष्टी नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये सिस्को कंपनीच्या एएसए या सुरक्षा उपकरणांच्या वेब-व्हीपीएनमध्ये अशी त्रुटी जाहीर झाली. तिला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले होते आणि उपकरण रिस्टार्ट करायला भाग पाडणं हा तिचा एक परिणाम होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच घराण्यातल्या उपकरणांची दुसरी त्रुटी समोर आली. लॉगिनच्या विनंत्यांचा भडिमार केला की व्हीपीएनची सेवाच गुदमरायची, आणि काही वेळा उपकरण रिस्टार्ट केल्याशिवाय ती परत येत नसे. ही त्रुटी जाहीर झाली तेव्हा तिचा गैरवापर सुरूही झालेला होता. मार्च २०२५ मध्ये अनेक देशांतले ड्रेटेक कंपनीचे राउटर एकाएकी पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होऊ लागले. लहान ऑफिसांमध्ये व्हीपीएनसाठी हे राउटर सर्रास वापरले जातात. कंपनीने ग्राहकांना नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, टाकायला आणि गरज नसेल तर एसएसएल व्हीपीएन व दूरस्थ प्रवेश बंद ठेवायला सांगितलं.

२४ फेब्रुवारी २०२२ ची घटना तर डोळे उघडणारी आहे. युक्रेनवरचं आक्रमण सुरू झालं त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्लेखोरांनी घाला घातला. वाट मिळाली ती सेटिंग नीट न केलेल्या एका व्हीपीएन उपकरणातून. आत शिरून त्यांनी हजारो मोडेमची स्मृती पुसून टाकली. मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवर दुरून लक्ष ठेवण्याची सोय त्यामुळे बंद पडली. पवनचक्क्यांवर कुणाचा राग नव्हता, त्या नाहक सापडल्या. करमाडचं जॉबवर्कचं शॉपही असंच सापडू शकतं.

आपल्याकडेही याचे चटके बसून गेले आहेत. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांवर सेवा बंद पाडणारा मोठा हल्ला झाला, ग्राहकांचं नेट रखडलं आणि प्रकरण पोलिसांत गेलं. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम ब्रिकरबॉट नावाच्या घातक प्रोग्रामने निकामी केले. आकडा सुमारे ६० हजारांच्या घरात होता. त्यांतल्या कितीतरी मोडेमचं युजरनेम ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ होता, आणि कंपनीने दुरुस्तीसाठी ठेवलेला दरवाजा साऱ्या जगाला उघडा होता. आज इतक्या वर्षांनी मी एखाद्या नव्या ऑफिसात जातो तेव्हा पहिल्यांदा ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ टाकून पाहतो, आणि पुष्कळदा दार उघडतं.

महोदय, माझं मुख्य गाऱ्हाणं वेगळंच आहे. माहिती चोरीला गेली तर बातमी होते, चौकशी होते. राउटर नुसता बंद पडला तर त्याला कुणी हल्ला मानत नाही. मोठ्या कंपनीकडे दुसरी लाइन असते, दुसरा राउटर असतो, रात्रपाळीला माणूस असतो. लहान उद्योजकाकडे एकच लाइन, एकच राउटर आणि एकच हिशेबनीस. त्याची गाडी चार तास गेटवर अडकली तर पुढच्या कंपनीची असेंब्ली लाइन थांबण्याची भीती, दंडाची भीती, पुढची ऑर्डर जाण्याची भीती. त्याच्याकडे चोरी झालेली नसते, पण दिवस गेलेला असतो. कायद्याने हे ओळखलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीला संगणक किंवा नेटवर्क वापरण्यापासून रोखणं हा गैरप्रकार म्हणून स्पष्ट नोंदला आहे, आणि कलम ६६ नुसार अप्रामाणिक हेतूने ते केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २८ एप्रिल २०२२ च्या आपल्या आदेशात सेवा बंद पाडणारे हल्ले आणि राउटरवरचे हल्ले दोन्ही आहेत, आणि ते कळल्यापासून सहा तासांत आपल्याला कळवण्याचं बंधन आहे. लघुउद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतही मिळाली होती. पण ज्याला आपल्यावर हल्ला झाला हेच कळलेलं नाही, त्याचे सहा तास सुरू कधी होणार?

दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सिस्कोच्या आरव्ही-११०डब्ल्यू, आरव्ही-१३०, आरव्ही-१३०डब्ल्यू आणि आरव्ही-२१५डब्ल्यू या लहान ऑफिसांसाठीच्या राउटरमध्ये गंभीर त्रुटी सापडली. दूरवरून उपकरण ताब्यात घेता येईल किंवा अचानक रिस्टार्ट करून सेवा बंद पाडता येईल, असं कंपनीनेच सांगितलं. त्यासोबतच हेही सांगितलं की मॉडेलची मुदत संपलेली असल्याने दुरुस्ती मिळणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये आरव्ही-०४२, आरव्ही-०८२ वगैरे आणखी जुन्या मॉडेलबाबतही हाच निर्णय झाला. कंपनीने निदान उघडपणे सांगितलं, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण ही घोषणा वाचणार कोण? असा राउटर बाहेरून ठणठणीत दिसतो. दिवे लागतात, नेट चालतं. जुन्या मालाच्या दुकानात तो निम्म्या किमतीत मिळतो, आणि घेणाऱ्याला वाटतं, चांगल्या कंपनीचा माल स्वस्तात पदरात पडला. दुरुस्ती कायमची बंद झालेली वस्तू आपण विकत घेतो आहोत, हे त्याला खोक्यावरून, बिलावरून, कशावरूनच कळत नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी आहे : भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक राउटरच्या खोक्यावर ‘सुरक्षा दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत मिळेल’ ही ओळ ठळक अक्षरांत छापणं सक्तीचं व्हावं, आणि विक्रीच्या बिलावरही ती यावी. वैधमापन नियमांप्रमाणे त्याच खोक्यावर कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा नंबर आजही छापला जातो. आणखी एका ओळीला जागा निघेल. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशी किमान मुदत जाहीर करणं बंधनकारक केलं आहे आणि सरसकट एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यावर बंदी घातली आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तिथे जो माल या अटी पाळून विकावा लागेल, तोच इथे मुदत न सांगता का विकला जावा? असा नियम करणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे मी जाणतो. पण आपल्या संस्थेची शिफारस मंत्रालयाला आणि दूरसंचार विभागाला सहज डावलता येणार नाही.

दुसरी मागणी सूचनांबद्दल आहे. त्रुटींच्या सूचना आपण नियमित प्रसिद्ध करता, त्या नेमक्या असतात आणि माझ्यासारख्याला त्यांचा उपयोगही होतो. पण त्या इंग्रजीत आणि जाणकारांच्या भाषेत असतात. राउटर बंद पाडणाऱ्या गंभीर त्रुटींसाठी तरी अर्ध्या पानाची मराठी सूचना निघावी. वर मॉडेलचं नाव, खाली काय करायचं ते, बस्स. एमआयडीसीच्या कार्यालयांतून आणि मसिआ, सीएमआयए यांसारख्या उद्योजकांच्या संघटनांमार्फत ती एका दिवसात शेंद्र्यापासून वाळूजपर्यंत प्रत्येक शॉपच्या मोबाइलवर पोचू शकेल.

तिसरी मागणी, मुदत संपलेल्या व्हीपीएन राउटरची मॉडेलवार यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवा आणि ती अद्ययावत राखा. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर त्या यादीतला माल विकता येऊ नये. ग्रामपंचायतीचं ऑफिस आणि पतसंस्थेची शाखा यांना एवढा आधार मिळालाच पाहिजे.

चौथी, फोनवरची तक्रार मराठीतूनही नोंदवता यावी. ‘राउटर सारखा रिस्टार्ट होतोय’ एवढं सांगितल्यावर पलीकडच्या माणसाने मॉडेल विचारावं आणि तपासाची पहिली पायरी सांगावी. अशा शंभर फोनांमधून एका भागातल्या हल्ल्याचं चित्र आपल्यालाच आधी दिसेल.

हे पत्र वाचणाऱ्या माझ्या भागातल्या उद्योजकांनाही चार गोष्टी सांगतो, कारण सरकारी निर्णयाला वेळ लागतो. टेबलाखालची पेटी आज बाहेर काढा आणि तिच्या पाठीवरचं मॉडेल वहीत लिहून घ्या. त्याची मुदत संपली आहे का, हे तुमच्या नेटवर्कवाल्याला विचारा. संपली असेल तर पेटी बदला, ती कितीही चांगली चालत असली तरी. मुदत चालू असेल तर फर्मवेअर अपडेट करा, पासवर्ड बदला, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करा. वापरात नसलेलं व्हीपीएन बंद ठेवा, आणि वापरात असेल तर शक्य तिथे ठरावीक आयपी पत्त्यांनाच आत येऊ द्या. दुसऱ्या कंपनीचा साधा डोंगल कपाटात ठेवा. राउटर कोसळला तरी निदान ई-वे बिल निघेल. आणि राउटर वारंवार रिस्टार्ट होत असेल तर प्लग काढण्याआधी त्याच्या लॉगचा फोटो घ्या. पुष्कळशा लहान राउटरचा लॉग वीज जाताच पुसला जातो, आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

महोदय, या पट्ट्यातल्या लोकांनी कारखान्यांसाठी आपल्या जमिनी दिल्या. त्यांतल्याच काहींच्या मुलांनी कर्ज काढून लहान शॉप टाकली आहेत. मोठ्या उद्योगांच्या सुरक्षेसाठी तज्ज्ञ आहेत आणि पैसाही आहे. या मुलांसाठी सध्या तरी आपलीच संस्था आहे. खोक्यावरची एक तारीख आणि अर्ध्या पानाची मराठी सूचना, एवढ्याने त्यांचे कितीतरी दिवस वाचतील. आपण ही शिफारस मंत्रालयाकडे लवकरात लवकर पाठवावी, अशी करमाडकरांच्या वतीने कळकळीची विनंती.

आपला,
करमाड येथील एक नेटवर्क तंत्रज्ञ