विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगात रेडिएशन किती दिवस? हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा का नाही?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी संपली, की घरच्यांना वाटते मोठी लढाई झाली. मग डॉक्टर सांगतात, ‘आता रेडिएशन.’ कुणाला पाच आठवडे सांगितले जातात, कुणाला तीन, अलीकडे काहींना एकच आठवडा. शहरात राहणाऱ्या स्त्रीसाठी हा गैरसोयीचा प्रश्न असेल. पण केंद्रापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या स्त्रीसाठी उपचार पूर्ण होणार की अर्धवट सुटणार, आणि काही वेळा स्तन वाचणार की काढावा लागणार, हेही याच आकड्यावर ठरते.

रेडिएशन कशासाठी देतात?

शस्त्रक्रियेत गाठ निघते. मात्र डोळ्यांना, स्कॅनला न दिसणाऱ्या काही पेशी आसपास उरलेल्या असू शकतात. त्या नष्ट करण्यासाठी शक्तिशाली क्ष-किरणांचा मारा ठरावीक भागावर केला जातो. रुग्णांच्या बोलण्यात याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात ना उष्णता जाणवते, ना उजेड दिसतो.

पूर्वी स्तनात गाठ सापडली की पूर्ण स्तन काढणे हाच उपाय मानला जाई. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांनी हे चित्र बदलले. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक नाही, हे दोन्ही चाचण्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २० वर्षांच्या निष्कर्षांतून दिसले. फिशर यांच्या चाचणीत केवळ गाठ काढलेल्या ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात आजार परतला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. म्हणजे स्तन वाचवायचा तर बहुतेक वेळा रेडिएशन हवेच. ‘गाठ काढली, आता कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

स्तन काढला तर रेडिएशन टळते का?

दरवेळी नाही. गाठ मोठी असेल, काखेतील ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला असेल, तर पूर्ण स्तन काढल्यानंतरही छातीच्या भागावर रेडिएशन द्यावे लागते. आपल्याकडे अनेक स्त्रिया आजार वाढल्यावर रुग्णालयात येतात. त्यामुळे ‘रेडिएशनला महिनाभर कुठे राहणार, त्यापेक्षा स्तनच काढून टाका’ असा निर्णय घरात झाला, तरी शस्त्रक्रियेनंतर अहवाल आल्यावर रेडिएशन घ्यावेच लागेल असे कळू शकते. स्तनही जातो आणि फेऱ्याही चुकत नाहीत.

उलट काही जणींना रेडिएशन टाळताही येते. वय ६५ पेक्षा जास्त, गाठ लहान, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आणि काखेत आजार नसलेला, अशा निवडक स्त्रियांत रेडिएशन न दिल्याने जगण्यावर परिणाम झाला नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसले. त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त होते. त्यामुळे हा निर्णय शेजारणीच्या अनुभवावरून घेता येत नाही, स्वतःच्या अहवालावरूनच घ्यावा लागतो.

उपचारांच्या दिवसांत नेमके काय होते?

सुरुवात नियोजनाने होते. हात डोक्यावर घेऊन रुग्णाला झोपवतात, सीटी स्कॅन करतात आणि त्वचेवर बारीक खुणा करतात. रोज त्याच जागी, त्याच स्थितीत किरण पडावेत यासाठी या खुणा असतात. काखेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडलेला असेल तर हात वर नेणेच अवघड जाते. म्हणून आधीपासून व्यायाम करायला सांगतात.

नंतर सोमवार ते शुक्रवार रोज एक सिटिंग. यंत्राच्या खोलीत रुग्ण एकटी असते. तंत्रज्ञ बाहेरून कॅमेऱ्यावर पाहत असतात आणि त्यांच्याशी बोलताही येते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच सुरू असतात आणि ते दुखत नाहीत. वेळ जातो तो नंबर येईपर्यंत.

डाव्या बाजूच्या स्तनामागे हृदय असते. ते किरणांपासून दूर राहावे म्हणून अनेक केंद्रांत खोल श्वास घेऊन रोखायला शिकवतात. फुप्फुसात हवा भरली की हृदय छातीच्या भिंतीपासून थोडे मागे सरकते.

त्रास हळूहळू सुरू होतो. त्वचा लालसर, मग काळपट होते, खाज येते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत सालपटे निघू शकतात. थकवा येतो. त्वचेचा त्रास उपचार संपल्यानंतरच्या आठवड्यातही वाढलेला दिसू शकतो, पुढे बहुतेकींचा तो ओसरतो. सैल सुती कपडे आणि सौम्य साबण बरे. हळद, तेल, पाल्याचा लेप असले घरगुती उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. स्तनावरच्या रेडिएशनने डोक्याचे केस जात नाहीत. ते केमोथेरपीने गेलेले असतात.

एक गैरसमज मात्र जिवाला लागणारा आहे. बाहेरच्या यंत्रातून रेडिएशन घेतलेल्या स्त्रीच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत. तिचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे, नातवंडाला तिच्या कुशीतून उचलून नेण्याचे काहीही कारण नाही.

२५ सिटिंगचा हिशेब आला कुठून?

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. जुनी पद्धत ५० ग्रे मात्रा २५ सिटिंगमध्ये, म्हणजे रोज २ ग्रे देण्याची. मात्रा थोडी थोडी दिली की निरोगी पेशींना मधल्या वेळेत सावरता येते, हा त्यामागचा विचार.

पण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी रोजच्या मात्रेच्या आकाराला अपेक्षेपेक्षा अधिक संवेदनशील असतात, असे पुढे लक्षात आले. म्हणजे रोजची मात्रा थोडी वाढवली तर एकूण मात्रा कमी करूनही तोच परिणाम मिळू शकतो. ब्रिटनमध्ये ‘स्टार्ट’ चाचण्यांत हे तपासले गेले. ४० ग्रे मात्रा १५ सिटिंगमध्ये, तीन आठवड्यांत दिलेल्या स्त्रियांचे निकाल पाच आठवड्यांच्या उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत. १० वर्षांचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. कॅनडातील १,२३४ स्त्रियांच्या चाचणीनेही २०१० मध्ये १६ सिटिंगबाबत असाच निर्वाळा दिला होता. पूर्ण स्तन काढलेल्या ८२० स्त्रियांवर चीनमध्ये झालेल्या चाचणीत तीन आठवड्यांचे उपचार पाच आठवड्यांच्या तोडीचे ठरले, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग एक आठवड्याचे काय?

ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत ४,०९६ रुग्ण होते. ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये आणि २६ ग्रे अवघ्या पाच सिटिंगमध्ये यांची त्यात तुलना झाली. पाच वर्षांनंतर त्याच बाजूला आजार परतण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या गटात २.१ टक्के आणि एक आठवड्याच्या गटात १.४ टक्के होते. हे निष्कर्ष एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन काळात आले आणि अनेक देशांतील केंद्रांनी ही पद्धत स्वीकारली. भारतातही कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने एक आणि तीन आठवड्यांची तुलना करणारी ‘हायपोर्ट’ चाचणी हाती घेतली.

मात्र एक आठवडा सगळ्यांसाठी नाही. काखेच्या आणि गळ्याच्या ग्रंथींवर रेडिएशन द्यायचे असेल, स्तनाची पुनर्रचना झाली असेल, तर डॉक्टर अधिक सावध असतात. तरुण वय किंवा इतर कारणांनी गाठीच्या जागेवर जादा मात्रा द्यायची असेल तर सिटिंग वाढू शकतात. पाच आठवड्यांची पद्धतही काही रुग्णांत योग्य ठरते. तेव्हा कमी म्हणजे चांगले, असा सरसकट नियम नाही. पण जास्त म्हणजे चांगले हा समज तर मुळीच खरा नाही.

हा प्रश्न अंतराचा कसा?

गडचिरोली ते नागपूर अंतर सुमारे १७० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन २५ सिटिंग घ्यायच्या तर प्रवास होतो ८,५०० किलोमीटरचा, १५ सिटिंगसाठी ५,१०० आणि पाचसाठी १,७०० किलोमीटर. अर्थातच रोज ये-जा शक्य नसते, म्हणून शहरात राहावे लागते. शनिवार-रविवार धरून पाच आठवड्यांचे ३३ दिवस होतात, तीन आठवड्यांचे १९. सोबतीला एक माणूस लागतोच. म्हणजे दोघांची मजुरी बुडते, खोलीचे भाडे आणि जेवणाचा खर्च वाढतो, घरी जनावरे आणि मुले दुसऱ्याच्या भरवशावर. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत हा हिशेब आणखी कठीण होतो.

त्यात उपचारांना सुरुवात झाल्यावर वेदना नसतात आणि गाठही दिसत नसते. ‘आता बरे आहे’ म्हणून शेवटच्या सिटिंग सोडून गावी परतण्याचा मोह इथेच होतो. पण नियोजित मात्रा पूर्ण झाली नाही किंवा मध्ये मोठा खंड पडला, तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो.

सरकारी योजना पुरेशा नाहीत का?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि थ्री एसी डब्यात भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या व्यक्तीला तिथे ७५ टक्के सवलत मिळते. एसटीतही सवलत आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे.

हे सारे मोलाचेच. पण योजना यंत्राचे पैसे भरते, बुडालेल्या मजुरीचे नाही. धर्मशाळेच्या खोल्या मोजक्या आणि वाट पाहणारे अनेक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. दर दहा लाख लोकसंख्येमागे किमान एक रेडिएशन यंत्र असावे, हा निकष देश अजून गाठू शकलेला नाही. जी यंत्रे आहेत, ती मोठ्या शहरांत एकवटली आहेत.

काय बदलायला हवे?

नवी यंत्रे हवीतच. पण ती उभारायला काही वर्षे जातात आणि चालवायला तज्ज्ञ डॉक्टर, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ लागतात. सिटिंग कमी करण्यासाठी मात्र इतके थांबावे लागत नाही. ज्या २५ वेळांत एका स्त्रीचे उपचार होत, त्यातच पात्र असलेल्या पाच जणींचे होऊ शकतात. ताण त्याच यंत्राचा कमी होतो आणि प्रतीक्षा यादीही लहान होते.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, मोबदल्याची. पैसे सिटिंगच्या संख्येवर मोजले, तर उपचार लांबवणाऱ्याला जास्त आणि आटोपशीर करणाऱ्याला कमी मिळतात. मोबदला पूर्ण उपचारांचा असावा, म्हणजे १५ ऐवजी २५ सिटिंग देण्यात कुणाचा फायदा उरणार नाही. दुसरी, राहण्याची. जिथे सरकार रेडिएशन यंत्र बसवते, तिथे रुग्ण आणि सोबत्याच्या निवासाची तरतूद त्याच आराखड्यात हवी. ती दानशूरांवर सोडून चालणार नाही.

तिसरी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे वेळेवर संवाद. रेडिएशन लागेल का, किती सिटिंग, कुठे, राहायचे कसे, हे स्त्रीला शस्त्रक्रियेआधी कळायला हवे. शस्त्रक्रिया करणारे आणि रेडिएशन देणारे डॉक्टर यांनी त्याआधी एकत्र बसून तिचे अहवाल पाहायला हवेत. ‘मला तीन आठवड्यांत चालेल का? एका आठवड्यात का नाही?’ असे विचारण्याचा तिला अधिकार आहे आणि उत्तर ‘नाही’ असेल तर त्याचे कारण समजून घेण्याचाही. तीन आठवडे पुरतात, याचा पुरावा येऊन दशकाहून अधिक काळ लोटला. तो पुरावा गावापर्यंत पोहोचला नाही म्हणून एखादी स्त्री स्तन गमावत असेल किंवा उपचार अर्धे सोडत असेल, तर तो दोष व्यवस्थेचा आहे, तिचा नव्हे.