मांगरूळची आग आणि उत्तरेकडचे स्प्रूस

अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळ येथे, मलंगगडाच्या पायथ्याशी असलेल्या वनजमिनीवर, ५ जुलै २०१७ रोजी एकाच दिवसात एक लाख रोपे लावण्यात आली. खासदार श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने झालेल्या या उपक्रमात हजारो स्वयंसेवक सहभागी झाले होते. पुढील दोन वर्षांत याच जागेवर एकापेक्षा अधिक वेळा आग लागली आणि हजारो रोपे होरपळली. आगी मुद्दाम लावल्याचे आरोप झाले आणि सारी चर्चा आग कोणी लावली, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. तो प्रश्न रास्तच होता. मात्र त्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. एका आगीनंतर दुसरी आग किती काळाने लागते, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर अंबरनाथपासून फार दूर, उत्तर ध्रुवाच्या खालच्या अरण्यपट्ट्यात डोकवावे लागते.

अलास्का, कॅनडा, स्कॅन्डिनेव्हिया आणि रशिया यांना वेढणाऱ्या या पट्ट्यातील प्रमुख वृक्षांपैकी एक म्हणजे स्प्रूस. उत्तर अमेरिकेतील काळा स्प्रूस तर आगीसाठीच जन्मला असावा, असे वाटावे. त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या असतात, लाकडात व पानांत राळ असते. त्यामुळे जमिनीवरची ज्वाळा पाहता पाहता शेंड्यापर्यंत चढते आणि झाड मरते. परंतु शेंड्याशी दाटीने लागलेली त्याची शंकूसारखी फळे राळेने मिटलेली असतात. आगीच्या धगीने ही राळ वितळते, फळे उमलतात आणि वर्षानुवर्षे साठवलेले बी जळालेल्या जमिनीवर पडू लागते. जुने अरण्य जळते त्याच वेळी नव्या अरण्याची पेरणी होते.

या व्यवस्थेला एकच अट आहे आणि ती म्हणजे सवड. रोपाचे झाड होऊन त्याच्या शेंड्यावर बियांचा पुरेसा साठा जमण्यास काही दशके लागतात. दोन आगींमध्ये साधारणतः ऐंशी ते दीडशे वर्षांचे अंतर असे, तोवर हे चक्र सुरळीत चालले. हवामान तापू लागले तसे हे अंतर अनेक ठिकाणी घटत आहे. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे भरते. बियांचा साठा होण्याआधीच दुसरी आग आली, तर स्प्रूस त्या जागी परतत नाही. आग खोल गेली, तर जमिनीवरचा शेवाळाचा जाड थरही जळतो आणि उघड्या पडलेल्या मातीत अ‍ॅस्पेन व बर्च हे वृक्ष मुसंडी मारतात. एरवी त्यांच्या सावलीत स्प्रूसची रोपे हळूहळू वाढत आणि कालांतराने त्यांच्यावर मात करीत. आता अलास्काच्या काही भागांत ही दुसरी पाळी येईनाशी झाली आहे.

या अ‍ॅस्पेनशी अंबरनाथकरांचे जुने नाते आहे. विम्को नाक्याला ज्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे नाव मिळाले, तो १९२०च्या दशकात स्वीडिश भांडवलावर उभा राहिला आणि सुरुवातीच्या काळात त्याच्या काड्यांसाठी अ‍ॅस्पेनचे लाकूड परदेशातून आणले जाई. पुढे त्याची जागा काटेसावरीसारख्या देशी लाकडाने घेतली. आग पेटवण्याच्या उद्योगावर वाढलेल्या शहराला आता आग आवरण्याची चिंता करावी लागावी, हा योगायोग म्हणायचा.

बदलापूर, अंबरनाथ, मुरबाडच्या डोंगरांवरील पानझडी वनांची गोष्ट स्प्रूसहून वेगळी आहे. साग, ऐन यांसारखी येथील झाडे आगीत सहसा समूळ मरत नाहीत. जाड सालीमुळे मोठी झाडे तगतात, आणि लहान झाड जळाले तरी बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. स्प्रूसची भिस्त शेंड्यावर, तर सागाची मुळावर. म्हणूनच आपल्याकडे वणवा फारसा गांभीर्याने घेतला जात नाही. पावसाळ्यात हिरवे होणारे डोंगर पाहून वन सावरले, असा समज होतो. वस्तुतः धुमारे फुटण्यासाठी मुळांत शिल्लक असावी लागते. पहिल्या पावसात लावलेल्या वीतभर रोपाकडे ती नसते. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर नवी झाडे वयात येत नाहीत, उरतात ती जुनी, चिवट झाडे आणि त्यांच्यामध्ये माजणारे गवत. हेच गवत डिसेंबरपर्यंत वाळते आणि पुढच्या वणव्याचे सरपण होते. उत्तरेत ऐंशी वर्षांचे अंतर कमी होत असल्याची चिंता आहे. येथे ते अनेक उतारांवर बारा महिन्यांवर येऊन ठेपले आहे.

येथील आगी बहुतेक माणसानेच लावलेल्या असतात. भातशेतीचे राब भाजताना निसटलेली ठिणगी, नवे गवत यावे म्हणून पेटवलेला उतार, फेकलेली विडी, आणि शहरालगत जमिनीवर डोळा ठेवणारे हितसंबंध, अशी अनेक कारणे सांगितली जातात. आदिवासी वा शेतकऱ्यावर सरसकट खापर फोडणे सोपे असले, तरी अन्यायाचे आहे. राब भाजणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बांधावर आग आवरत आला आहे. आग पसरते ती मोकळ्या, कोणाचीच राखण नसलेल्या जमिनीवर.

अशा जमिनीवर वृक्षारोपणाचे आकडे फुगवण्यात फारसा अर्थ नाही. राज्याने २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यांतील किती जगली, यावर एवढा वाद झाला, की २०२१ साली चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणा सरकारला करावी लागली. हिशेब लागवडीच्या दिवशी मांडला जातो; तो तिसरा उन्हाळा सरल्यावर मांडला, तर खर्चाची दिशाच बदलेल. रोपांच्या खरेदीऐवजी पैसा दिवाळीनंतर जाळरेषा काढण्यावर, रोपांभोवतीचे गवत कापून गुरांसाठी गावाला देण्यावर आणि जूनपर्यंत राखणदार ठेवण्यावर जाईल. या कामांत छायाचित्रांना वाव कमी. पण एखादा उतार सलग काही वर्षे आगीपासून राखला, तर साग, ऐन आणि काटेसावर तेथे स्वतःहूनही उगवतात. मांगरूळच्या खड्ड्यांत काय लावायचे, हा विचार त्यानंतरचा.