छऱ्याची बंदूक आणि दहा मीटर जागा

आमच्या घरात बंदूक आली ती गेल्या उन्हाळ्यात, हळदीची पट्टी हाती आली तेव्हा. बंदूक म्हटल्यावर वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील, म्हणून लगेच सांगून टाकते की ती छऱ्याची होती. पण आमच्या आबांच्या लेखी बंदूक ती बंदूकच. त्यांनी ती पाहिली आणि पुढचे ताट बाजूला सारले. रझाकारीच्या दिवसांत आबा सात-आठ वर्षांचे होते. रात्री कुठे बार ऐकू आला की त्यांची आई पोरांना घेऊन कणगीमागे दडून बसे. “घरात बंदूक म्हंजे घराला घोर,” एवढेच ते बोलले आणि हात धुऊन उठले.

याच्या अगदी उलट तऱ्हाही आपल्या भागात पाहायला मिळते. परवान्याची बंदूक बैठकीत खुंटीला टांगायची, दसऱ्याला तिची पूजा करायची आणि लग्नाच्या वरातीत खांद्याला लावून मिरवायची. ती चालवता येते की नाही, हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा! एक भीती आणि एक मिरवणे, या दोहोंत नेमबाजी नावाचा जो खेळ आहे तो आपल्याकडे कोणाला दिसतच नाही, अशी माझी तक्रार आहे.

मला तो दिसला एन.सी.सी.च्या शिबिरात. सुमारे २५ मीटरवर कागदी लक्ष्य, पालथे झोपायचे, पॉइंट बावीसची रायफल खांद्यात घट्ट धरायची आणि पाच गोळ्या झाडायच्या. माझ्या पाचांपैकी चार गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत पडल्या. पाचवी कुठे गेली, कोण जाणे! उस्तादांनी कागदाकडे पाहून नुसती मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर मी वर्ष काढले. पण शिबिर संपले की सारे संपते. तीन वर्षांत माझ्या वाट्याला एकूण पंधरा गोळ्या आल्या. पंधरा वेळा पेटी वाजवून कोणी गवई झाल्याचे ऐकिवात नाही. म्हणून बाबांच्या मागे लागून ती छऱ्याची बंदूक आणवली.

आता पुढची हकीकत सांगायला जड जाते, पण ती न सांगता मत मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोठ्यामागे मी हळदीच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून आडोसा केला होता. पंधरा दिवस सगळे नीट चालले. एका दुपारी कागद संपले, म्हणून मी तेलाच्या डब्याचे झाकण दगडावर टेकवून ठेवले. छरा पत्र्यावर आपटला, उलटला आणि माझ्या बाजूला उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या गालात, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर, लागला. रक्त थोडेच आले. डॉक्टरांनी चिमट्याने एक चपटा शिशाचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोटभर अंतर! ते वर असते तर? आबा त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हा घरी बंदूक चालवण्याच्या बाजूने मी लिहिते आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. कठीण वस्तूवर छरा मारू नये, बाजूला कोणी उभे राहू नये, डोळ्यांवर चष्मा असावा, या गोष्टी मला कोणी शिकवल्या नव्हत्या आणि गोठ्यामागे त्या शिकवणारे कोणी नव्हतेही. ही तर छऱ्याची कथा. पॉइंट बावीसची गोळी म्हणजे जेमतेम ५.६ मिलिमीटर जाडीची, अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची इवलीशी वस्तू, पण मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्या गोठ्यामागून दीड किलोमीटरात दोन वस्त्या आणि एक शाळा येते. तिला कायद्याने परवाना लागतो, ते योग्यच आहे. ठरावीक ताकदीच्या आतील ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याच्या बंदुकीला मात्र परवाना लागत नाही. म्हणजे पोरांच्या हाती ती येणारच. मग कागद नसला की झाडावरचा होला, खंड्या काय वाट्टेल ते लक्ष्य होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

आणि खेळ म्हणावा तर आपल्या महाराष्ट्राचाच! कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच छोट्या रायफलीच्या ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचे मानकरी ठरले. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून, असा तिन्ही तऱ्हांनी नेम धरायचा. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते. आपल्या करंगळीच्या नखाएवढे, आणि तेही ५० मीटरवरून! कुसाळे खेड्यातले, शिक्षकाचे चिरंजीव. पण नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनीत त्यांना जागा मिळाली, शिकवणारे मिळाले. अभिनव बिंद्रा यांना वडिलांनी घरच्या आवारातच रेंज बांधून दिली होती. २००८ च्या बीजिंगच्या सुवर्णपदकामागे तीही होती. आमच्या आवारात बैल बांधावे लागतात. म्हणून आमच्यासारख्यांना सार्वजनिक जागाच हवी.

आणि ती लागते तरी किती? हवाई रायफलीचे अंतर दहा मीटर. ग्रंथालयामागची लांब खोली मी टेपने मोजली आहे. ती साडेतेरा मीटर भरते. सध्या तिथे मोडके बाक ठेवले आहेत. मागे मातीच्या पोत्यांची भिंत, छरे अडवणाऱ्या पेट्या, चांगला उजेड, दोन रायफली आणि दाराला भक्कम कुलूप, एवढ्यावर सुरुवात होईल. आपल्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारा नंबरचा गट आहे. चांदमारी म्हणजे काय, हे सांगणारी माणसे शोधायला दूर जावे लागणार नाही. विनंती करायला काय हरकत आहे?

कला शाखेच्या महाविद्यालयात बंदूक कशाला, असा प्रश्न एका सरांनी मला हसत विचारला. सरांचा मान राखून सांगते की, मी या खेळात जेवढी गप्प बसायला शिकले तेवढी कुठल्याच तासाला शिकले नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचे, चाप हळूहळू दाबायचा, आणि मन हलले आहे असे वाटले तर नळी खाली करून पुन्हा पहिल्यापासून. दसऱ्याच्या प्रदर्शनात रामलीला मैदानावर फुगे फोडणारे आपण सगळेच आहोत. तिथल्या बंदुकीची नळी वाकडी असते ही सबब सोयीची आहे. कागदावरचे भोक अशी कोणतीच सबब ऐकत नाही.

अपघातानंतर छरे बाबांनी कपाटात कुलूपबंद केले. मी रिकामी बंदूक घेऊन रोज संध्याकाळी माजघरात उभी राहते. भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका काढला आहे, त्याच्यावर माशी टेकवून धरायची, बस्स. मोठमोठे नेमबाजही घरी असाच कोरा सराव करतात. परवा आबा खाटेवरून म्हणाले, “हात हालायलाय तुझा.” म्हणजे ते पाहत होते!

तेव्हा माझे प्राचार्यांकडे आणि विद्यार्थी मंडळाकडे मागणे एवढेच आहे की ते मोडके बाक हलवावेत. खर्चाचा अंदाज मी लिहून दिला आहे. खोलीची किल्ली मात्र एन.सी.सी.च्या सरांकडेच राहावी. मला दिली तरी मी घेणार नाही.