सोबती कोणाला म्हणावे?

चळवळीत परजातीचा माणूस घ्यावा की नाही, हा वाद आपल्यात जुनाच आहे. एक पक्ष म्हणतो, ज्याचे जळते त्यालाच कळते; बाहेरच्याचे येथे काम नाही. दुसरा पक्ष, कोणी शिकलेला पांढरपेशा चार गोड शब्द बोलला की सारी सूत्रे त्याच्या हाती देऊन मोकळा होतो. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. याचा दाखला आम्ही अमेरिकेतून देतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्याच देशातील, काळ्यांना दास्यातून सोडविणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केले होते.

तेथील दास्य कायद्याने १८६५ साली गेले. पण मिसिसिपी प्रांतात काळ्या माणसाने मत देऊ म्हणणे हे पुढे शंभर वर्षे जिवावरचे काम होते. त्या प्रांतात मेरिडियन गावी जेम्स चेनी हा २१ वर्षांचा काळा तरुण होता. धंदा भिंतींना गिलावा करण्याचा. आपल्या लोकांची नावे मतदारयादीत लागावीत म्हणून तो खेडोपाडी हिंडे. जानेवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कहून मायकेल श्वर्नर हा २४ वर्षांचा यहुदी तरुण बायकोसह तेथे राहावयास आला. यहुदी म्हणजे आपल्या कोकणातील शनिवार तेल्यांचे धर्मबंधू. युरोपात हिटलरने त्यांचे सुमारे साठ लाख लोक मारले होते. छळ काय असतो हे त्यांस सांगावे लागत नव्हते. तरीही दक्षिणेकडील पुष्कळ यहुदी भीतीने गप्प बसत, हेही सांगितले पाहिजे.

लाँगडेल येथील काळ्यांच्या प्रार्थनामंदिरात एक शाळा भरावयाची होती. १६ जूनला क्लॅन नावाच्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीने तेथील लोकांस मारहाण करून मंदिर जाळले. २१ जूनला चेनी, श्वर्नर आणि अँड्र्यू गुडमन हा २० वर्षांचा यहुदी विद्यार्थी, असे तिघे मार खाल्लेल्यांस भेटण्यास गेले. परतताना पोलीस अंमलदाराने त्यांस धरले, कोठडीत ठेवले, रात्री सोडले, आणि वाटेत पुन्हा पकडून मारेकऱ्यांच्या हवाली केले. ४४ दिवसांनी तिघांची प्रेते मातीच्या बंधाऱ्याखाली सापडली.

शोध चालू असता नदीत हेन्री डी व चार्ल्स मूर या दोन काळ्या तरुणांची प्रेते मिळाली. त्यांच्यासाठी देश हलला नव्हता. श्वर्नरची बायको रीटा हिने स्वतःच पत्रकर्त्यांस सुनावले की, एकटा चेनी नाहीसा झाला असता तर कोणी दखलही घेतली नसती. नवरा गेला असता जी बाई हे सत्य बोलते, तिला सोबतीण म्हणावे. पुढे १९६८ च्या मे महिन्यात क्लॅनने मेरिडियनमधील यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरावरही बॉम्ब टाकला. द्वेष एका जातीवर थांबत नाही, हे गप्प बसणाऱ्यांनाही तेव्हा कळले.

परंतु सख्याची दुसरी बाजूही आहे. त्याच १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका भागात शाळांचा कारभार काळ्या वस्तीच्या हाती द्यावा की नाही, यावरून काळे पालक आणि बहुतांशी यहुदी असलेला शिक्षकांचा संघ यांच्यात मोठा तंटा माजला, संप झाला. दोघांनाही आपलेच खरे वाटत होते. आम्ही स्वतः मास्तर आहोत, म्हणून स्पष्ट लिहितो: पोरांना शिकविणे सोपे, त्यांच्या आईबापांचा अधिकार मानणे कठीण.

पुण्यात १८४८ साली मुलींच्या शाळेस भिड्यांचा वाडा मिळाला. तो जोतीरावांनी आनंदाने घेतला, पण शाळा चालविली फुले पतिपत्नींनी. तेव्हा बांधवांनो, मदतीस येणाऱ्याची जात विचारू नका. तो आपल्या गावात येऊन राहतो काय, मार बसतो तेव्हा शेजारी उभा असतो काय, आणि पंचायतीत आपल्याला बोलू देतो काय, एवढे पाहा. बरोबर चालणारा हवा. खांद्यावर बसणारा नको.