खडकवासल्याचा फॉर्म आणि घरातली झोप

पवईत वाढणाऱ्या मुलाला स्पर्धा परीक्षा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. आयआयटीची भिंत त्याला रोज शाळेत जाता-येता दिसते. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरून बसने निघाले की मेट्रोच्या खांबांपलीकडे कोचिंग क्लासच्या पाट्या एकामागून एक येतात. फिल्टरपाडा, मोरारजीनगर, तिरंदाज, चांदिवली या भागांतून आमच्याकडे शिकायला येणारी मुले या पाट्या वाचतच मोठी होतात. त्यांतली दोन-तीन मुले दरवर्षी दहावीनंतर आम्हाला भेटतात आणि हळू आवाजात विचारतात, "सर, एनडीएचा फॉर्म भरला तर चालेल का?"

आवाज हळू, कारण घरी अजून सांगितलेले नसते.

या महिन्यात आम्ही या मुलांबद्दल आणि त्याहून जास्त त्यांच्या घरांबद्दल लिहीत आहोत. फॉर्म मूल भरते, पण झोप सगळ्या घराची उडते.

परीक्षेची माहिती आधी थोडक्यात. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळच आहे. पंडित नेहरूंनी 1949 साली तिची पायाभरणी केली आणि 1955 च्या जानेवारीत ती रीतसर सुरू झाली. प्रवेशाची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणित 300 गुणांचे आणि सामान्य क्षमता 600 गुणांची. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुणांची कपात. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलग्यांना फी शंभर रुपये, मुलींना माफ. फॉर्म लाखोंनी येतात आणि एका वेळच्या जागा साधारण चारशे असतात. लेखी परीक्षेत निवड झाली की सेवा निवड मंडळासमोर, म्हणजे एसएसबीसमोर, पाच दिवसांची मुलाखत. तिलाही 900 गुण. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी.

यात एक अडचण आपल्या मुलांची खास आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठी किंवा उर्दूत नसते. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाला गणित येते, पण प्रश्न वाचण्यातच त्याचा वेळ जातो. मग तो स्वतःला मठ्ठ समजू लागतो. तो मठ्ठ नसतो. त्याला रोज अर्धा तास इंग्रजीतली गणिते मोठ्याने वाचायला लावा, सहा महिन्यांत फरक दिसेल. आम्ही हे करून पाहिले आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. जेईईचा ताण आपण ओळखतो. तिथे गुण मिळतात, कमी पडले तर मूल म्हणते, अभ्यास कमी झाला. एसएसबीचा ताण वेगळा आहे. तिथे पाच दिवस माणसे तुमच्याकडे पाहत असतात. साठ शब्द पडद्यावर येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचे. चित्र दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, आणि शेवटचे चित्र तर कोरेच असते. गटात चर्चा, मैदानावर अडथळे, दोर, फळ्या, पिंपे. इतके झाल्यावर नाव यादीत आले नाही तर मुलाला वाटते, माझे गुण नव्हे, मीच नापास झालो. सतराव्या वर्षी हे फार लागते.

पहिल्याच दिवशी चाळणी होते. बुद्धिमापनाच्या चाचण्या, एका चित्रावर गोष्ट आणि चर्चा, आणि संध्याकाळपर्यंत मोठ्या गटाला परतीची वाट धरावी लागते. आमचा एक विद्यार्थी भोपाळला गेला होता. वडील रिक्षा चालवतात, साकीनाका ते कांजूरमार्ग. मुलाने दीड वर्ष पवई तलावाच्या कडेने पहाटे धावून तयारी केली होती. पहिल्याच दिवशी तो परत निघाला आणि स्टेशनवरून घरी फोन केला. घरी फुफी, खाला, शेजारी सगळे बसलेले. वडिलांनी फोन कानाला लावला, ऐकले आणि एवढेच विचारले, "जेवलास का? गाडी किती वाजता आहे?" मग फोन ठेवून बसलेल्यांना म्हणाले, "उद्या दुपारी येतोय."

त्या माणसाने मानसशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. पण असा फोन कसा घ्यावा, हे आम्ही इतर पालकांना सांगताना त्यांचेच उदाहरण देतो. "कसे काय झाले?", "तू बोलला नाहीस का?", "अमक्याचा मुलगा तर पोहोचला" ही वाक्ये त्या रात्री नकोत. आठ दिवसांनी बोला, तेव्हा मूल स्वतःच सांगते.

आता एका फॉर्मबद्दल, कारण त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. एसएसबीला पोहोचल्यावर मुलाला वैयक्तिक माहितीची प्रश्नावली भरावी लागते. धर्म, मातृभाषा, आई-वडिलांचे शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्न, भावंडे, खेळ, छंद. मुलाखत घेणारा अधिकारी त्यावरूनच प्रश्न विचारतो. वडील रिक्षाचालक किंवा भंगारचा धंदा करणारे असतील, आई शिवणकाम करत असेल, तर काही मुले तिथे अडखळतात. "स्वयंरोजगार" असे काहीतरी गोल लिहितात आणि मग पाच दिवस भीतीत काढतात की पकडले जाऊ. जे खरे आहे ते लिहिणाऱ्याला काहीच लक्षात ठेवावे लागत नाही. वडिलांची रिक्षा दिवसाला किती किलोमीटर चालते, गॅसला किती जातात, हप्ता किती, हे ज्या मुलाला माहीत आहे तो घराचे अर्थशास्त्र जाणतो. अधिकाऱ्यासमोर ते सांगायला लाज कसली? पण लाज वाटू नये असे वाटत असेल, तर ही बोलणी घरात आधी झाली पाहिजेत. आपल्याकडे मुलांसमोर पैशांचे बोलायचे नाही अशी रीत आहे. आम्हाला ती पटत नाही.

दुसरा कागद यापेक्षा अवघड. त्यात मुलाने पंधरा मिनिटांत पाच परिच्छेद लिहायचे असतात: आई-वडिलांचे तुझ्याबद्दल मत काय, शिक्षकांचे काय, मित्रांचे काय, तुझे स्वतःचे काय आणि तुला स्वतःत काय घडवायचे आहे. आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांकडून हा सराव घेतो. शेवटचे परिच्छेद मुले भराभर लिहितात. पहिल्यावर पेन थांबते. एका मुलीने लिहिले, "माझे अब्बू-अम्मी माझ्याबद्दल काय विचार करतात ते मला माहीत नाही. ते माझ्या मार्कांबद्दल बोलतात." पुढे कागद कोरा.

आम्ही तिच्या अम्मीला शाळेत बोलावले. कागद दाखवला नाही, फक्त विचारले, "तुमची मुलगी कशी आहे?" त्या म्हणाल्या, "सर, दादी आजारी होती तेव्हा चार महिने हिनेच रात्री उठून औषध दिले. मला उठवलेसुद्धा नाही." आम्ही म्हटले, "हे तिला कधी सांगितले?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सांगायचे काय, तिला माहीतच आहे." तिला माहीत नव्हते. तिला माहीत होते ते गणितातले बासष्ट.

वाचकहो, मुलगा असो वा मुलगी, फॉर्म भरलेला असो वा नसो, हे एकदा करून पाहा. दस्तरखान उचलल्यावर मुलाला सांगा की तू आम्हाला कसा दिसतोस. चांगले सांगा, खटकते तेही सांगा. एसएसबीच्या तयारीची महागडी पुस्तके यापुढे काही नाहीत.

आता तो प्रश्न, जो आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो, कधी दार लोटून घेऊन: "आपल्या मुलाला घेतील का?" आम्ही या प्रश्नाला हसत नाही. विचारणाऱ्याने आयुष्यात काही पाहिलेले असते. मंडळाच्या कामाची रीत मात्र आम्ही समजावून सांगतो. मुलाला तिघे जण वेगवेगळे पारखतात: मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा. पाचव्या दिवशीच्या बैठकीपर्यंत ते आपसात मते सांगत नाहीत. मानसशास्त्रज्ञासमोर तर तोपर्यंत बहुधा मुलाने लिहिलेले कागदच असतात. एका माणसाच्या मनावर सगळे अवलंबून नसते. आणि नावेही आहेत. 1948 साली झांगडच्या रक्षणात प्राण देणारे, महावीर चक्राचे मानकरी ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. 1965 चे परमवीर अब्दुल हमीद. 1978 ते 1981 हवाई दलाचे प्रमुख असलेले इद्रिस हसन लतीफ, जे नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ही नावे भाषणांत फार वापरली जातात. आम्ही ती भिंतीवर लावायला सांगत नाही. पण निवड झाली नाही तर "नावामुळे झाले नाही" ही गाठ मुलाच्या मनात घरच्यांनी बांधू नये. ज्या शेकडो मुलांबरोबर तो रांगेत उभा होता, त्यांतली बहुतेक परत गेली, वेगवेगळ्या नावांची.

घरातल्या बुजुर्गांचे प्रश्नही असतात. नमाजचे काय, रोजांचे काय, दाढीचे काय? सैन्यात सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असतात, धर्मशिक्षक म्हणून मौलवींचीही भरती होते. दाढीचा नियम मात्र कडक आहे. हवाई दलातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली तोच नियम कायम ठेवला. ज्या घरात हा मुद्दा मोठा आहे, तिथे त्यावरची चर्चा फॉर्म भरण्याआधी व्हावी, निवड झाल्यावर नव्हे. मधल्या दोन वर्षांत मुलाला दोन्हीकडून ओढणे हा त्याच्यावर जुलूम आहे.

मुलींचे घर आणखी घाबरते. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला, 2022 मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि 30 मे 2025 रोजी त्यांतल्या सतरा जणींनी दीक्षान्त संचलन केले. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची सानिया मिर्झा 2022 साली निवडली गेली. वडील टीव्ही दुरुस्त करणारे, मुलगी हिंदी माध्यमातली, पहिल्या प्रयत्नात अपयश. वर्तमानपत्रांनी तिला त्याच दिवशी लढाऊ वैमानिक करून टाकले. प्रत्यक्षात पुढे काही वर्षांचे प्रशिक्षण होते. असे मथळे आपल्या मुलींवर ओझे घालतात, कारण मोहल्ला त्याच मापाने मोजू लागतो. "मुलगी पाच दिवस परगावी एकटी" ही काळजी रास्त आहे. आत राहण्याची सोय मंडळाचीच असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडेही मिळते. अब्बूंनी शहरापर्यंत सोबत जावे, फाटकाशी सलाम करून परतावे.

मोहल्ल्याचा विषय निघालाच आहे तर: फॉर्म भरल्याची बातमी चार माणसांपलीकडे जाऊ देऊ नका. निकालाच्या दिवशी चाळीस लोकांना उत्तर देणे हा वेगळाच ताण आहे आणि तो फुकटचा आहे. रात्री मोबाइलवर "एसएसबीची गुपिते" सांगणारे व्हिडिओही बंद करा. पाठ केलेली उत्तरे तिथे सहज ओळखू येतात, आणि ती पाठ करणारे मूल दोन वाजेपर्यंत जागते. झोप आणि धावणे, दोन्ही घड्याळाप्रमाणे. रमजानमध्ये धावणे तरावीहनंतर किंवा इफ्तारच्या आधी हलके ठेवले तरी चालते.

डॉ. अब्दुल कलामांची गोष्ट आम्ही वर्गात सांगतो, पण निम्मीच ऐकलेली असते. देहरादूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीस उमेदवारांत ते नववे आले, जागा आठ. पुढे ते कोण झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली गोष्ट आपल्या पुण्याची. 8 जून 2006 रोजी लोहगाव तळावरून राष्ट्रपती कलाम सुखोई-30 मध्ये बसून उडाले. वय चौऱ्याहत्तर. म्हणजे नाराजी पुसून गेली नव्हती. ती सोबत घेऊन त्यांनी पन्नास वर्षे काम केले. मुलांना आम्ही "विसरून जा" म्हणत नाही ते यामुळेच.

एनडीए झाली नाही म्हणून दार बंद होते असेही नाही. बारावीच्या विज्ञान शाखेनंतर जेईई मेनच्या गुणांवर लष्कराची तांत्रिक प्रवेश योजना आहे. पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलाची एएफसीएटी आहे, एनसीसीवाल्यांना वेगळी वाट आहे. म्हणून बारावीचा अभ्यास आणि पदवीचा प्रवेश एनडीएच्या नावाखाली सोडून द्यायचा नाही. ज्या मुलाच्या हातात दुसरा प्रवेश असतो, तो मुलाखतीत मोकळा बोलतो. यादीनंतर मूल दोन-तीन आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, "मी कशालाच लायक नाही" असे म्हणत असेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. फोन करायला पालकही करू शकतात.

ज्यांची मुले आज नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी: राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे आणि मुलींसाठी आता नाशिकला. दहावीनंतर प्रवेश परीक्षा होते, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथेच.

आणि शेवटी एक कारकुनी काम, ज्यामुळे आमच्या मुलांची जितकी झोप उडते तितकी गणितानेही उडत नाही. जन्माच्या दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहम्मदचे लघुरूप, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, दहावीच्या प्रमाणपत्रावर शेखचे स्पेलिंग तिसरेच. यूपीएससीचा फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचा असतो. दुरुस्त करायचे ते दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी, शाळेच्या कार्यालयात, जन्माचा दाखला आणि आधार घेऊन. आमच्या शाळेत शनिवारी सकाळी कार्यालय उघडे असते. तुमच्याकडे कधी असते ते विचारून घ्या.