सेवाग्रामची कुटी आणि तिच्या अंगणातील झाडे

वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमास भेट देणारे शेतकरी बांधव बहुधा बापूकुटीपुढे हात जोडतात, चरखा पाहतात आणि परततात. श्रद्धेविषयी आमची तक्रार नाही. परंतु घर बांधणाऱ्याने व झाड लावणाऱ्याने ही कुटी डोळसपणे पाहिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी या गावी आले. गावाचे नाव तेव्हा शेगाव होते; सेवाग्राम हे नाव 1940 साली पडले. निवासाचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये व साहित्य आसपासचेच असावे, ही त्यांची अट होती. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी कुटी मूळची मीराबहेनची. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. भिंतीवर मीराबहेनने मातीनेच उठवलेली ताडाची झाडे व चरखा आजही दिसतात. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या घरातून उठून या कुटीच्या ओसरीत क्षणभर बसावे. जाड मातीची भिंत काय करते ते कोणी सांगावे लागत नाही.

मात्र अशी वास्तू आपोआप टिकत नाही. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, फुटके बदलणे, वाळवी शोधणे, भिंती लिंपणे व जमीन सारवणे ही कामे चुकवून चालत नाहीत. खेड्यांत आज कवेलू फेरणारे हात कमी झाले आहेत, ही खरी चिंतेची बाब आहे. पक्के घर बांधू नका असे आम्ही म्हणत नाही. परंतु जुने चांगले मातीचे घर केवळ कारागीर मिळेना म्हणून पाडावे लागणे हे नुकसानच होय.

आता अंगण. आश्रमात गांधीजींनी 1936 साली लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे. दोन्ही या देशाची झाडे. उलट आपल्या शाळांची व ग्रामपंचायतींची आवारे पाहा : मादागास्करचा गुलमोहर, ऑस्ट्रेलियाची निलगिरी, मध्य अमेरिकेची सुबाभूळ. सुबाभूळ चाऱ्यास उपयोगी खरी, पण तिचे बी पसरून रान माजते. निंब, करंज, पळस, बकुळ यांनी काय बिघडवले होते? करंजाची पेंड खतास होते, पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाणी केले की पाच टक्क्यांचा फवारा घरीच तयार होतो. पिंपळ मात्र भिंतीपासून दूरच लावावा. त्याची मुळे भिंत फोडतात, हे आश्रमाच्या भक्तांनीही ध्यानात ठेवावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील सहल काढताना गवंडी, सुतार व शाळेची मुले बरोबर न्यावीत. खड्डे मे महिन्यात खणून ठेवावेत. निंबाचे बी पिकून पडल्यावर दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावू लागते. तेव्हा ते जून-जुलैत गोळा करून, गर धुऊन, त्याच आठवड्यात पिशव्यांत टाकावे.